द्रोणाचार्य पुरस्कार : दावेदार व निवड

क्रीडा प्रशिक्षकांना दिला जाणारा भारत सरकारचा सर्वोच्च पुरस्कार. स्थापना 1985. पहिल्या वर्षीचे मानकरी : भालचंद्र भास्कर भागवत (कुस्ती), ओमप्रकाश भारद्वाज (मुष्टियुद्ध) आणि पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार (अ‍ॅथलेटिक्स). द्रोणाचार्यांची कांस्यमूर्ती, मानपत्र व रोख रक्कम असे त्याचे स्वरूप असून तो राष्ट्रपतींच्या हस्ते प्रदान होतो. 2020 पासून नियमित विभागासाठी 10 लाख, तर जीवनगौरव विभागासाठी 15 लाख रुपये दिले जातात.

निवडपद्धती : केंद्रीय क्रीडा मंत्रालय अर्ज मागवते आणि निवड समिती छाननी करून नावांची शिफारस करते. समितीचे अध्यक्षपद बहुधा निवृत्त न्यायाधीशांकडे असते. 2022 व 2023 साली ते न्या. अजय खानविलकर यांच्याकडे होते. नियमित विभागात आधीच्या चार वर्षांत शिष्यांनी ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धा, जागतिक अजिंक्यपद अशा ठिकाणी काय मिळवले, ते पाहिले जाते. जीवनगौरव विभागात दीर्घकाळ घडवलेल्या खेळाडूंचा विचार होतो.

याच विषयातील उत्तर अमेरिकी उदाहरण म्हणजे नॅशनल हॉकी लीगमधील आइस हॉकी प्रशिक्षकांचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार. तो 1974 पासून दिला जातो. सामन्यांचे प्रक्षेपण करणारे समालोचक त्यासाठी मतदान करतात आणि विजेत्याआधी तीन अंतिम दावेदार जाहीर होतात. तिथे मोजमाप एका हंगामातल्या संघाच्या कामगिरीचे असते. द्रोणाचार्य पुरस्कारात मात्र शिष्याच्या पदकावरून गुरूचे काम ठरते.

महाराष्ट्र व गोवा : बुद्धिबळासाठी रघुनंदन गोखले (1986) आणि क्रिकेटसाठी रमाकांत आचरेकर (1990) हे आरंभीचे मराठी मानकरी. आचरेकर स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळले होते. शिवाजी पार्कवरच्या सरावात ते स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. गोलंदाजाने सचिन तेंडुलकरला बाद केले तर नाणे त्याचे, शेवटपर्यंत बाद करता आले नाही तर सचिनचे. रोहित शर्माला ऑफस्पिनकडून फलंदाजीकडे वळवणारे बोरिवलीचे दिनेश लाड 2022 मध्ये जीवनगौरवाचे मानकरी ठरले. त्याच वर्षी पनवेलला अकादमी चालवणाऱ्या सुमा शिरूर यांना पॅरा नेमबाजीसाठी पुरस्कार मिळाला. टोकियो पॅरालिंपिकची सुवर्णविजेती अवनी लेखरा त्यांची शिष्या. गणेश देवरुखकर यांना 2023 मध्ये मल्लखांबासाठी, तर दीपाली देशपांडे यांना 2024 मध्ये नेमबाजीसाठी गौरवण्यात आले. पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे हा देशपांडे यांचा शिष्य. 2024 च्याच यादीत गोव्याचे फुटबॉल प्रशिक्षक आर्मांदो कुलासो होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो क्लबने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

चेन्नई व कोवलम : चेन्नईचे बुद्धिबळ प्रशिक्षक आर. बी. रमेश यांना 2023 चा पुरस्कार मिळाला. प्रज्ञानंद हा त्यांचा शिष्य. शहराच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवरच्या कोवलम या मच्छीमार गावातले चित्र वेगळे आहे. मूर्ती मेगवन या तिथल्या कोळी तरुणाने स्वतःच लाटांवर फळी चालवायला शिकून पुढे गावातल्या मुलांना सर्फिंग शिकवले. जवळच्या महाबलीपुरम येथे ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धेत रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवले. आशियाई क्रीडा स्पर्धांत मात्र सर्फिंगचा पहिला समावेश 2026 च्या आइची-नागोया स्पर्धेतला. ज्या खेळाला पदकाचे व्यासपीठच उशिरा मिळते, त्याच्या प्रशिक्षकाचा दावा कागदावर दुबळा राहतो.

वाद : एका खेळाडूमागे गावातल्या तालमीचा वस्ताद, अकादमीचा प्रशिक्षक आणि राष्ट्रीय शिबिरातला मार्गदर्शक असे तिघे असू शकतात, मग पदकाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. शिफारस झाली म्हणजे पुरस्कार पक्का, असेही नाही. तिरंदाजीचे जीवनज्योत सिंग तेजा यांचे नाव 2018 मध्ये मंत्रालयाने वगळले. 2022 मध्ये त्यांना पुरस्कार मिळाला. क्यूबाचे मुष्टियुद्ध प्रशिक्षक बी. आय. फर्नांडिस यांच्या निवडीने 2012 मध्ये परदेशी प्रशिक्षकांनाही दार उघडले. पदकाआधीची पायाभरणी करणाऱ्यांना मात्र नियमित विभागापेक्षा जीवनगौरव विभागच अधिक जवळचा ठरतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत बहुतेकांची उमेदीची वर्षे सरलेली असतात.