पूर्वप्राथमिक शिक्षणातील लिंगसमभाव : मेहकर व बुलढाणा जिल्हा

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलामुलींना समान वागणूक, समान संधी आणि परस्परांविषयी आदर यांची सवय लावणारी शिक्षणपद्धती. स्त्री-पुरुषांची कामे, स्वभाव व योग्यता यांविषयीच्या साचेबंद समजुती मनात घट्ट होण्याआधीच हे संस्कार व्हावेत, हा तिचा हेतू. मेहकर हे बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेकाठचे तालुक्याचे गाव. तेथील ग्रामीण भागात या शिक्षणाचे मुख्य केंद्र अंगणवाडी हे आहे.

वयाचे महत्त्व : साधारण तीन वर्षांचे मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखू लागते; ही ओळख बदलत नाही ही जाण मात्र सहा-सात वर्षांपर्यंत येते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये केली. मधल्या काळात मूल ‘मुलांनी काय करायचे, मुलींनी काय करायचे’ याचे नियम आजूबाजूला पाहून गोळा करते. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘अतिशय हुशार’ माणूस स्त्री असेल असे मुलांइतक्याच सहज मानताना दिसल्या. सहाव्या वर्षापासून मात्र हा विश्वास कमी होत गेला. म्हणजे पहिलीच्या वयातच मुलीचा स्वतःविषयीचा अंदाज खाली आलेला असू शकतो.

पार्श्वभूमी : या जिल्ह्याला समतेच्या विचाराचा मोठा वारसा आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून स्त्रियांच्या माथी मारलेल्या दोषांचा जाहीर हिशेब मागितला. त्या पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजाही याच जिल्ह्यात आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ८५५ होती. २००१ मध्ये ती ९०८ होती. २०११ मध्ये महाराष्ट्राचे प्रमाण ८९४ होते. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या २०१५ मधील पहिल्या शंभर जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश याच कारणाने झाला. मुलींची संख्या अशी घटवणाऱ्या गर्भलिंगनिदानावर कायद्याने बंदी आहे. पण मुलगी नकोशी वाटण्याची मुळे रोजच्या बोलण्यात आणि वागण्यात असतात. ती उपटण्याचे काम शिक्षणाचे आहे.

बालशिक्षणाची परंपरा : बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या कामाला आरंभ केला. पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालशिक्षण आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी गावोगाव पोचली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत स्तर ठरला आहे.

वर्गातील पद्धती : साचे मोडण्याचे काम भाषणाने होत नाही, ते खेळ, चित्र, गोष्ट आणि कामाची वाटणी यांतून होते. भातुकलीच्या कोपऱ्यात मुलगे आणि ठोकळे-मोटारींच्या कोपऱ्यात मुली आपसूक येतीलच असे नाही; अंगणवाडी सेविकेला आळीपाळीने गट पाडावे लागतात. चटई घालणे, खाऊ वाटणे, केर काढणे ही कामे मुलींच्याच वाट्याला जाणार नाहीत, हे पाहावे लागते. ‘मुलीसारखा रडतोस काय’, ‘मुलीच्या जातीने हळू बोलावे’ ही वाक्ये वर्गातून हद्दपार होणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग.

भिंतीवरच्या तक्त्यात शेतकरी बहुधा फेटा बांधलेला पुरुष असतो. मेहकर परिसर सोयाबीन-कपाशीचा. तेथील मूल आईला निंदायला, कापूस वेचायला जाताना रोज पाहते. ‘तुझ्या घरी शेतात कोण कोण राबते?’ एवढे विचारले तरी तक्त्यातील उणीव मुलांच्याच उत्तरांतून भरून निघते. जिजाऊंची गोष्टही केवळ शिवरायांची आई म्हणून न सांगता पुण्याची घडी बसवणारी कर्ती स्त्री म्हणून सांगता येते. राज्याची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीने २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात आईवडील दोघेही भाजी निवडत असल्याचे चित्र दिले होते. अशी चित्रे अंगणवाडीतही हवीत.

आदराची शिकवण : आदर म्हणजे केवळ नमस्कार नव्हे. दुसऱ्याला न विचारता हात न लावणे, ‘नको’ म्हटले की थांबणे, रडणाऱ्याला न चिडवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, या सवयी या वयात लागतात. नकाराचा मान राखायला मुलग्यांनी आणि नकार स्पष्टपणे द्यायला मुलींनी येथेच शिकावे. सुरक्षित व असुरक्षित स्पर्शाची ओळख दोघांनाही द्यावी. आदर नावातूनही दिसतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे. हजेरी घेताना आईचे नाव उच्चारले जाणे हा मुलांच्या कानावर पडणारा समतेचा साधा पाठ आहे.

मर्यादा : घरी बहिणीने ताट उचलायचे आणि भावाने उठून जायचे, असे चालू राहिले तर वर्गातील सवय टिकत नाही. म्हणून पालक मेळाव्यात वडील व आजी-आजोबांनाही बोलावणे आवश्यक ठरते. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस या दोन्ही जागी स्त्रियाच असल्याने मुले सांभाळणे हे बायकांचे काम, हा समज तेथेच दृढ होऊ शकतो. गावातील वडील किंवा आजोबांना गोष्ट सांगायला बोलावून तो सैल करता येतो. शिवाय सेविकांना वेतन नव्हे, मानधन मिळते. त्या उपदानास (ग्रॅच्युइटी) पात्र आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले. मुलांना आदर शिकवणाऱ्या या स्त्रियांच्या श्रमाचे मोल समाजाने आणि शासनाने पुरतेपणी ओळखल्याशिवाय लिंगसमभावाचे शिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.