हौसेचे मोल : अमेरिकेतील फोर्ड व्ही-एट मोटारींच्या फेरबदलाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

‘हौसेला मोल नाही’ असे आपण सहजपणे म्हणतो. हौस करणारा खर्चाचा हिशेब ठेवीत नाही, एवढाच त्याचा रूढ अर्थ. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या म्हणीकडे किंचित संशयाने पाहावयास हवे. हौसेला मोल असतेच. ते कोण चुकवितो, हा खरा प्रश्न असतो. जुनी वेगवान मोटार स्वस्तात विकत घ्यावी, स्वतःच्या हाताने तिच्या यंत्रात फेरबदल करावेत आणि कारखान्याने दिला त्याहून अधिक वेग तिच्यातून काढावा, ही विसाव्या शतकातील एक मोठी हौस होय. तिच्या इतिहासात वरील प्रश्नाचे उत्तर विशेष स्पष्टपणे सापडते.

प्रस्तुत लेखात या हौसेचे एकच उदाहरण तपासले आहे. इ.स. १९३२ मध्ये बाजारात आलेली फोर्ड कंपनीची आठ सिलिंडरची मोटार आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी तिच्यापासून घडविलेली ‘हॉट रॉड’ या नावाची गाडी, हा लेखाचा विषय आहे. या हौसेची किंमत प्रथम मालकाच्या खिशातून, नंतर रस्त्यावरील नागरिकांकडून आणि अखेरीस शहराच्या हवेतून वसूल झाली. जेथे किंमत डोळ्यांना दिसत होती तेथे हौशी मंडळींनी स्वतःच शिस्त निर्माण केली. जेथे ती दिसत नव्हती तेथे शासनाला पाऊल उचलावे लागले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सर्वसामान्यांच्या हाती आलेले वेगवान इंजिन

इ.स. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक ‘मॉडेल टी’ मोटारी तयार करून हेन्री फोर्ड यांनी मोटार सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या आवाक्यात आणली होती. तथापि वेग ही श्रीमंतांचीच मिरासदारी राहिली होती. आठ सिलिंडरची इंजिने महागड्या गाड्यांत असत आणि ती बहुधा अनेक भाग जोडून तयार केली जात. मार्च १९३२ च्या अखेरीस फोर्ड कंपनीने व्ही-आकाराचे आठ सिलिंडरचे इंजिन असलेली मोटार जाहीर केली. या इंजिनाचा मुख्य ठोकळा लोखंडाच्या एकाच ओतकामातून तयार होत असल्याने उत्पादनखर्च कमी झाला. २२१ घन इंच क्षमतेचे हे इंजिन ६५ अश्वशक्ती निर्माण करीत असे आणि त्यासह ‘रोडस्टर’ या उघड्या दोन आसनी गाडीची किंमत ४६० डॉलर होती. १९३४ पर्यंत हीच शक्ती ८५ अश्वशक्तीपर्यंत वाढली.

महामंदीच्या काळात नवी गाडी घेणे बहुतेक तरुणांना शक्य नव्हते. परंतु दशक संपत आले तसतशा याच गाड्या जुन्या बाजारात आणि भंगाराच्या आवारात दिसू लागल्या. हलकी चासी, जोमदार इंजिन आणि जागोजागी सहज मिळणारे सुटे भाग या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. वेगाचे साधन प्रथमच अशा हातांत आले, ज्यांच्याजवळ पैसा नव्हता. वेळ आणि कौशल्य मात्र होते.

फेरबदलाचे तंत्र आणि त्यातील आनंद

फेरबदलाची सुरुवात काढून टाकण्यापासून होत असे. चिखलपट्ट्या, पुढची काच, बंपर असे जे जे वेगाला आवश्यक नाही ते उतरवून गाडीचे वजन व हवेचा अवरोध कमी केला जाई. त्यानंतर इंजिनाची पाळी येई. सिलिंडरच्या वरील झाकण, म्हणजे हेड, घासून पातळ केले की इंधन-हवेचे मिश्रण अधिक दाबले जाई आणि त्याच इंधनातून जास्त शक्ती मिळे. एका कार्बोरेटरच्या जागी दोन किंवा तीन बसविले जात. झडपा अधिक काळ उघड्या राहाव्यात म्हणून वेगळ्या घडणीचा कॅमशाफ्ट घातला जाई. पुढे १९४९ नंतरच्या मर्क्युरी मोटारीचा चार इंची धावेचा क्रँकशाफ्ट जुन्या फोर्ड इंजिनात बसवून त्याची क्षमता वाढविण्याची रीत रूढ झाली.

या सुट्या भागांतून एक नवा उद्योग उभा राहिला. एड विनफिल्ड यांचे कार्बोरेटर व कॅमशाफ्ट आधीपासूनच नावाजलेले होते. कॅन्सासमधून कॅलिफोर्नियात आलेले विक एडलब्रॉक गॅरेज चालवीत आणि स्वतःच्या १९३२ च्या फोर्ड रोडस्टरवर प्रयोग करीत. आपल्या गाडीसाठी त्यांनी केलेला दोन कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड इतरांनीही मागितला आणि त्यातून त्यांचा कारखाना उभा राहिला. १९४१ मध्ये त्यांच्या रोडस्टरने मोहावी वाळवंटातील कोरड्या तळ्यावर ताशी १२१ मैलांचा वेग गाठला. मुळात ही मोटार ताशी ८० मैलांच्या आसपास थकत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगांचे महत्त्व कळते.

या हौसेतील आनंद केवळ वेगाचा होता असे म्हणणे अपुरे ठरेल. घोटून गुळगुळीत केलेला वायुमार्ग, अचूक जुळविलेले ठिणगीचे वेळापत्रक आणि त्यानंतर घड्याळाने नोंदविलेला आकडा यांत कार्यकारणाचा जो थेट प्रत्यय येतो, तो सामान्य माणसाला आधुनिक उद्योगव्यवस्थेत क्वचितच लाभतो. कारखान्यात दिवसभर एकच खिळा ठोकणाऱ्या कामगाराला संपूर्ण यंत्र कधीच दिसत नाही. रात्री घरामागच्या शेडमध्ये तेच यंत्र उघडून तो त्याचा जाणता धनी होई. दुसऱ्या महायुद्धाने या ज्ञानात मोलाची भर घातली. विमाने आणि रणगाडे दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतलेले हजारो सैनिक १९४५ नंतर घरी परतले. बिल बर्क यांनी तर १९४६ मध्ये लढाऊ विमानाची जादा इंधनटाकीच गाडीचा सांगाडा म्हणून वापरली. युद्धकाळात व्हेडा ऑर या महिलेने शर्यतींचे वार्तापत्र चालवून ते दूरदूरच्या सैनिकांपर्यंत पोहोचविले होते. पुरुषांचीच मानल्या गेलेल्या या हौसेच्या इतिहासात ही नोंद विसरता येणार नाही.

यंत्राने मागितलेली किंमत

पहिली किंमत यंत्रानेच मागितली. फोर्डच्या या इंजिनात जळालेला वायू बाहेर पडण्याचे मार्ग मुख्य ठोकळ्यातूनच, थंड पाण्याच्या पोकळीतून जात. त्यामुळे इंजिन मूळ अवस्थेतही लवकर तापे. शक्ती वाढविली की ही उष्णता आणखी वाढे आणि झडप व सिलिंडर यांच्यामधील पातळ भागाला तडे जात. हेड घासून दाब वाढविला की इंधन अवेळी पेट घेई व इंजिन ठोठावू लागे. क्रँकशाफ्टला मुख्य बेअरिंगे तीनच होती आणि ती मूळच्या माफक शक्तीसाठी आखलेली होती. झोरा आर्कुस-डुंटोव यांनी ‘आर्डन’ नावाची नवी हेड्स मुळात फोर्डच्या मालमोटारींचे अतितापणे थांबविण्यासाठी काढली. हौशी मंडळींनी ती शर्यतीसाठी उचलली, परंतु त्यांची किंमत बहुतेकांना परवडणारी नव्हती.

येथे फेरबदलाचा एक मूलभूत नियम दिसतो. यंत्र ही परस्परांत तोललेल्या भागांची रचना असते. एक भाग बलवान केला की दुर्बलता नाहीशी होत नाही, ती शेजारच्या भागात सरकते. इंजिन सुधारल्यावर गिअर तुटतात, गिअर सुधारल्यावर ब्रेक अपुरे पडतात. १९३८ पर्यंतच्या फोर्ड मोटारींचे ब्रेक सळ्यांवर किंवा तारांवर चालणारे होते. म्हणून १९३९ व त्यानंतरच्या गाड्यांचे द्रवचलित ब्रेक जुन्या गाडीला बसविणे हा विचारी हौशाचा पहिला फेरबदल असे. सर्वच विचारी नव्हते.

रस्त्यावरची किंमत आणि स्वयंशिस्त

मोहावी वाळवंटातील म्यूरॉकसारखी कोरडी तळी सपाट व निर्जन होती. सुरुवातीला तेथे अनेक गाड्या शेजारी शेजारी धावत. उडालेल्या धुळीत मागच्याला पुढचे दिसत नसे आणि जीवघेणे अपघात होत. या परिस्थितीतून १९३७ मध्ये काही क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. वेळनोंदणी, वर्गवारी व सुरक्षिततेचे नियम हे तिचे कार्य होते.

म्यूरॉकचे तळे लष्करी हवाई तळाकडे गेले होते. युद्धानंतर गाड्यांची संख्या वाढली आणि शर्यती शहरातील रस्त्यांवर उतरल्या. वाळवंटात धोका पत्करणारा स्वतःच्या जिवाशी खेळत होता. रस्त्यावर मात्र ज्याने ही हौस कधी केलीच नव्हती असा पादचारीही किंमत मोजू लागला. वृत्तपत्रांत ‘हॉट रॉड’ हा शब्द बेदरकारपणाचा पर्याय बनला. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये या गाड्यांचे प्रदर्शन भरले, त्यामागे ही प्रतिमा बदलण्याचाही हेतू होता. त्याच महिन्यात रॉबर्ट पीटरसन यांच्या पुढाकाराने ‘हॉट रॉड’ मासिक सुरू झाले. मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन करून वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर पाव मैलाच्या शर्यती, धावण्यापूर्वी प्रत्येक गाडीची तांत्रिक तपासणी आणि स्थानिक पोलिसांचे सहकार्य अशी त्रिसूत्री राबविली. १९५४ पासून या संस्थेचे पथक गावोगाव फिरून सुरक्षित शर्यत कशी भरवावी याचे धडे देऊ लागले. १९५५ मध्ये कॅन्सासमधील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

रस्त्यावरील शर्यती यामुळे संपल्या नाहीत. परंतु बंदीची मागणी जोर धरत असताना हौशी समाजाने स्वतःच नियम करून, ते पाळून आपला अधिकार टिकविला, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

हवेची किंमत

तिसरी किंमत अदृश्य होती. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहर डोळे चुरचुरविणाऱ्या दाट धुरक्याने झाकोळले. १९५०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की, न जळालेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो आणि धुरक्याचे मूळ त्यात आहे. मोटारी हा या वायूंचा मोठा स्रोत होता. शिवाय अधिक दाबाच्या इंजिनांना न ठोठावणारे पेट्रोल लागे आणि तो गुण त्यात शिसे मिसळून आणला जाई. त्याच संस्थेतील क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये शिशाच्या जागतिक प्रदूषणाकडे लक्ष वेधले.

या संकटात फेरबदल केलेल्या गाड्यांचा वाटा एकूण मोटारींच्या तुलनेत लहान होता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. कारखान्यांनीही शक्तीच्या स्पर्धेत प्रदूषणाची पर्वा केलेली नव्हती. तरीही प्रदूषणनियंत्रक यंत्रणा काढून टाकणारा हौशी आपल्या कृत्याचा परिणाम पाहू शकत नव्हता; पाव मैलाच्या पट्टीवर जशी किंमत तत्काळ कळे, तशी ती येथे कळत नव्हती. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने अशी यंत्रणा निकामी करण्यास उत्पादक व विक्रेत्यांना मनाई केली. १९७७ मध्ये ती दुरुस्तीच्या व्यावसायिकांना आणि १९९० मध्ये सर्वसामान्य व्यक्तींनाही लागू झाली. सुटे भाग बनविणाऱ्यांनी १९६३ मध्येच आपली संघटना उभारली होती. आपला भाग प्रदूषण वाढवीत नाही हे सिद्ध करून कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची मान्यता घेणे, हा मार्ग या उद्योगाला पुढे स्वीकारावा लागला.

मूळ रूपाचा प्रश्न

आणखी एक किंमत काळाच्या ओघात पुढे आली. कापलेल्या प्रत्येक गाडीबरोबर १९३२ ची एक मूळ फोर्ड नाहीशी झाली. आज तिचे अस्सल पोलादी सांगाडे दुर्मिळ असून नव्याने बनविलेले सांगाडे त्यांची जागा घेत आहेत. उलट, फेरबदल हाच आता इतिहासाचा पुरावा ठरला आहे. १९९७ मध्ये पेबल बीच येथील प्रतिष्ठित मोटार प्रदर्शनाने ऐतिहासिक हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग सुरू केला आणि डोन स्पेन्सर यांनी घडविलेल्या १९३२ च्या रोडस्टरला त्यात प्रथम पारितोषिक मिळाले.

भारतातील भूमिका या संदर्भात तुलनेसाठी उद्बोधक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. पण चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, ही तिची अट आहे. म्हणजे आपला कायदा मूळ रूपाला वारसा मानतो. फेरबदल करणाऱ्या हातांना त्यात स्थान नाही. आपल्या दाटीवाटीच्या रस्त्यांचा विचार करता ही सावधगिरी अकारण नाही. मात्र मान्यताप्राप्त तपासणी आणि बंदिस्त धावपट्टी यांचा मधला मार्ग असू शकतो, हे वरील इतिहास सांगतो.

समारोप

फोर्ड व्ही-एटच्या फेरबदलाचा इतिहास हा सामान्य माणसाने यंत्रावर सांगितलेल्या हक्काचा इतिहास आहे. विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा, समजून घेण्याचा आणि बदलण्याचा हा हक्क ज्ञाननिर्मितीचा एक स्रोत ठरला. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्यांनी त्यातून कारखाने आणि संस्था उभ्या केल्या. त्याच वेळी या हक्काची किंमत हौशाच्या कुंपणाबाहेर जाताच तो वादग्रस्त ठरला. १९३७ व १९५१ मध्ये हौशी समाजाने आपले मोल आपण चुकविण्याची तयारी दाखविली, म्हणून त्याचा हक्क टिकला. १९७० मध्ये ते मोल मोजण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते, म्हणून मोजमाप शासनाकडे गेले. आज इंजिनाची जागा विद्युत मोटर आणि संगणकीय आज्ञावली घेत असताना यंत्र उघडण्याचा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. त्याचे उत्तर शोधणाऱ्याने प्रथम बिल कोणाच्या नावे निघते ते पाहावे.