न धुतलेले अडीच हजार रोल

मागच्या शनिवारी आईने पोटमाळा आवरायला काढला. (म्हणजे काढला तिने, स्टुलावर चढलो मी.) बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीत तीन रोल सापडले. वापरलेले, पट्टी पूर्ण आत गेलेली, पण कधीच धुवायला न टाकलेले. बाबांना विचारलं, यात काय आहे? तर म्हणाले, "काय माहीत. गणपती असतील, नाहीतर तुझी मुंज. ठेव तिकडेच." मी म्हटलं, धुवून आणू का? "नको रे. चांगले असते तर तेव्हाच धुतले असते ना!"

बाबांचं हे लॉजिक ऐकलं आणि मला एकदम गॅरी विनोग्रांड आठवला. आता हा कोण, असं विचाराल. फोटोग्राफीचं वेड असलेल्या माझ्यासारख्या वीकेंडवाल्यांना त्याचं नाव माहीत असतं, बाकीच्यांना नसतं, आणि त्यात काही बिघडत नाही. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

विनोग्रांड न्यूयॉर्कचा. १९२८ साली ब्रॉन्क्समध्ये जन्म, आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. आधी चित्रकला शिकायला गेला, मग कॅमेरा हातात आला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. पोटासाठी मासिकांची आणि जाहिरातींची कामं, आणि उरलेला सगळा वेळ रस्त्यावर. लायका कॅमेरा, २८ मिलिमीटरची रुंद लेन्स. अशा लेन्सची गंमत अशी की लांबून चोरून फोटो काढता येत नाही, माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं. हा जायचा, कॅमेरा डोळ्याला लावायचा, खटका दाबायचा आणि पुढे निघायचा. पुष्कळ फोटो तिरके. क्षितिजाची रेघ सरळ हवी हा नियम त्याला मान्यच नव्हता.

त्याचे प्रोजेक्ट्स मात्र ठरवून सुरू झाल्यासारखे वाटत नाहीत. मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जायचा, तिथे फोटो काढायचा, त्यातून १९६९ साली 'द अ‍ॅनिमल्स' हे पुस्तक आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं प्रदर्शन झालं. पिंजऱ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, असा प्रश्न पडावा असे फोटो! त्याच वर्षी त्याला दुसऱ्यांदा गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. विषय असा, की प्रसारमाध्यमांमुळे घटनाच कशा बदलतात. मग मोर्चे, पत्रकार परिषदा, उद्घाटनं, पार्ट्या. त्यातला अपोलो ११ च्या उड्डाणाचा फोटो माझा लाडका. सगळी गर्दी रॉकेटकडे बघतेय, आणि एक बाई पाठमोऱ्या गर्दीतून उलटी वळून कॅमेरा थेट विनोग्रांडच्या दिशेने रोखून उभी आहे. १९६९ सालीच या माणसाला कळलं होतं की आता घटनेपेक्षा घटना टिपणारे जास्त होणार. (आज कुठल्याही मिरवणुकीत मोबाईलचं जंगल बघा.)

सगळंच आवडतं असं नाही. १९७५ चं 'विमेन आर ब्युटिफुल' बघताना मला अवघडायला होतं. रस्त्याने आपल्या कामाला जाणाऱ्या बायकांचे, त्यांना न विचारता काढलेले फोटो, आणि वर ते नाव. तेव्हाही टीका झालीच.

असो. मूळ मुद्दा रोल धुण्याचा.

विनोग्रांड काढलेला रोल लगेच धुवायचा नाही. वर्ष-दोन वर्षं तसाच ठेवायचा. कारण साधं होतं. फोटो काढताना मूड मस्त असेल, तर तो फोटो आपल्याला उगाचच चांगला वाटतो. ती आठवण पुसली गेली की मग फोटो परक्याचा असल्यासारखा बघता येतो. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. सहा महिन्यांपूर्वीचा कोड उघडून "हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?" म्हणायचं, आणि मग लिहिणाऱ्याच्या जागी स्वतःचंच नाव निघायचं, हा अनुभव कोणाला नाही?

पण ही शिस्त हळूहळू थकबाकी होत गेली. मधली पाच वर्षं तो टेक्ससमध्ये शिकवत होता. १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे खटका दाबण्याचा वेग भयंकर वाढला. पुष्कळदा दुसरा कोणी गाडी चालवतोय आणि हा शेजारच्या सीटवरून फोटो काढतोय. धुणं मागे पडलं, बघणं त्याहून मागे. १९८४ च्या सुरुवातीला कॅन्सर निघाला आणि १९ मार्चला तो गेलाही. वय ५६.

मागे उरलेला हिशोब असा: काढलेले पण न धुतलेले सुमारे २,५०० रोल. धुतलेले, पण ज्यांच्या काँटॅक्ट शीट काढल्या नाहीत असे ६,५००. शिवाय शीट काढल्या पण नीट निवड केली नाही असे आणखी ३,०००. पहिले दोनच आकडे घ्या. ९,००० गुणिले ३६, म्हणजे ३,२४,००० फोटो. एका फोटोला दहा सेकंद दिले, रोज आठ तास काम केलं आणि रविवारचीही सुट्टी घेतली नाही, तरी नुसतं बघून संपायला ११२ दिवस लागतील. हे फोटो खुद्द फोटोग्राफरनेच पाहिले नव्हते!

पुढचं काम जॉन सार्कोव्स्कीवर आलं. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा फोटोग्राफी विभाग तो बघायचा. १९६७ च्या 'न्यू डॉक्युमेंट्स' प्रदर्शनात डायन आर्बस आणि ली फ्रीडलँडर यांच्या जोडीला विनोग्रांडला त्यानेच उभं केलं होतं. म्हणजे याच्याइतका चाहता दुसरा नाही. त्याने रोल धुवून घेतले, शीटमागून शीट बघितल्या, आणि १९८८ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी स्पष्ट लिहिलं की शेवटच्या वर्षांतलं काम घसरलेलं आहे. थोडे फोटो घेतले, बाकी बाजूला. मित्राच्या कामावर असा निकाल द्यायला छाती लागते.

पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात दुसरं मोठं प्रदर्शन झालं. यावेळी निवड करणारा लिओ रुबिनफिन, स्वतः फोटोग्राफर आणि विनोग्रांडचा धाकटा मित्र. त्याने बरोब्बर उलटी भूमिका घेतली. शेवटच्या काळाला भरपूर जागा दिली, आणि विनोग्रांडने हयातीत कधीच न छापलेल्या फोटोंचे प्रिंट काढून भिंतीवर लावले. मग वाद! त्याने न निवडलेला फोटो त्याचा म्हणायचा का? आपला कच्चा ड्राफ्ट कोणी आपल्या नावाने छापला तर?

मला विचाराल तर सार्कोव्स्कीचा निकाल बराचसा बरोबर असावा. पण लॉस एंजेलिसच्या काळातला एक फोटो मनातून जात नाही. रस्त्याच्या कडेला एक बाई पडलेली आहे आणि गाड्या आपल्या वाटेने चालल्या आहेत. बघणाराही गाडीतच बसलेला, म्हणजे तोही त्या जाणाऱ्यांपैकीच. घसरलेल्या माणसाच्या हातून असा फोटो निघत असेल, तर बाकीचे न बघता सोडून द्यायची हिंमत माझ्यात तरी नाही.

आणि दुसरं म्हणजे, निवड दुसऱ्यावर सोपवणं त्याला काही नवीन नव्हतं. त्या प्रसारमाध्यमांच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन १९७७ मध्ये झालं, 'पब्लिक रिलेशन्स' नावाने. त्यातले फोटो निवडले टॉड पापाजॉर्ज या त्याच्या मित्राने. रंगीत फोटोंचंही तेच. पन्नास-साठच्या दशकांत त्याने हजारो रंगीत स्लाइड्स काढल्या. १९६७ च्या त्या प्रदर्शनात काही प्रोजेक्टरवर दाखवायचा प्रयोगही केला, पण यंत्राने दगा दिला आणि तो भाग बंद करावा लागला. त्या स्लाइड्सचं स्वतंत्र मोठं प्रदर्शन थेट २०१९ मध्ये झालं, ब्रुकलिन म्युझियममध्ये. भिंतींवर स्लाइड्स टाकूनच. त्याच्या मृत्यूला तेव्हा ३५ वर्षं झाली होती.

हे सगळं मी रविवारी जेवताना बाबांना सांगितलं. विनोग्रांड मेल्यावर लोकांनी धुतले, तुम्ही इथे समोर बसलेले आहात, मग परवानगी द्या की! बाबा आमटी ओरपत म्हणाले, "त्याने नको म्हटलं होतं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रोल सध्या फ्रिजच्या दारात आहेत, आलं-लसणाच्या पेस्टशेजारी. आईने दोनदा विचारलंय की हे कधी हलवणार आहेस.