तंजावरी निरूपणांतील सोल्लु : तालाक्षरांचे वाचन आणि मराठी छंदपरंपरा

प्रस्तावना

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावरील मराठी निरूपणे ही भरतनाट्याच्या इतिहासाची महत्त्वाची साधने होत. एका निरूपणात एकाच विषयावर, एकाच रागात व एकाच तालात जयजय, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना अशा रचना ओळीने गुंफलेल्या असतात. आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून त्या रंगमंचावर आणल्या; सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या सादर केल्या. मात्र ही निरूपणे वाङ्मय म्हणून वाचणारा पदांपाशी थांबतो आणि सोल्लु निरर्थक समजून ओलांडतो. वस्तुतः सोल्लु हीच त्यातील सर्वांत काटेकोर बांधणी आहे. तिचे लेखन कसे वाचावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. त्यासाठी मराठीतच एक वाट उपलब्ध आहे, आणि ती तेरच्या संत गोरा कुंभारांच्या अभंगावरून जाते.

तालाची खूण

कर्नाटक संगीतात लघु उभ्या रेघेने, द्रुत शून्याने आणि अनुद्रुत अर्धचंद्राने दाखवितात. यातील लघु आणि द्रुत या संज्ञा मराठवाड्याला परक्या नाहीत. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरी येथे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात १२० देशी ताल असून ते द्रुत, लघु, गुरु, प्लुत अशा अंगांनी मांडलेले आहेत. तेथे लघु, गुरु, प्लुत यांचे प्रमाण एक, दोन, तीन असे ठरलेले आहे. पुढे दक्षिणेत संज्ञा राहिली, अर्थ मात्र बदलला. कर्नाटक पद्धतीत लघु जातीनुसार ३, ४, ५, ७ किंवा ९ अक्षरकालांचा होतो आणि तो आकडा रेघेशेजारी लिहितात. सात ताल व पाच जाती मिळून ३५ ताल होतात ते यामुळेच. ‘आदि’ म्हणजे चतुरश्र जातीचा त्रिपुट : चार अक्षरकालांचा लघु आणि दोन-दोनांची दोन द्रुते, एकूण आठ. शार्ङ्गदेवाचा लघु गृहीत धरून हे चिन्ह वाचणारा पहिल्याच पावलाला चुकतो.

अक्षर आणि मात्रा

खरी अडचण पुढेच आहे. आदितालाच्या प्रत्येक अक्षरकालाचे चार भाग केले, की एका आवर्तनात ३२ मात्रा होतात. ‘तदिगिणतोम्’ हा पाच मात्रांचा बोल तीन वेळा म्हणून समेवर यायचे, तर १५ मात्रा लागतात. म्हणून आरंभ १७ मात्रा सरल्यावर करावा लागतो. येथे मराठी वाचकाचे शिक्षणच आडवे येते. वृत्त व मात्रावृत्त शिकलेला वाचक ‘तोम्’ला गुरू मानून दोन मात्रा देणार. मग बोल सहांचा, तिन्ही मिळून १८, आणि पाऊल समेच्या तीन मात्रा पलीकडे. सोल्लूत ऱ्हस्व-दीर्घ हा उच्चाराचा रंग असतो. प्रत्येक अक्षराला एकच मात्रा, आणि थांबायचे असेल तेथे विरामाची वेगळी खूण. छापील स्वरलेखनात स्वल्पविराम एका मात्रेचा व अर्धविराम दोन मात्रांचा असतो, तर दुप्पट लयीसाठी अक्षरांवर आडवी रेघ येते. सुब्बराम दीक्षितर यांच्या ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’सारख्या ग्रंथाने (एट्टयपुरम, १९०४) असे लेखन दक्षिणेत रुजविले.

मोरोपंतांची आर्या येथे कामास येत नाही, अभंग येतो. नामदेवांचे समकालीन गोरोबाकाका ज्या छंदाचे, त्या मोठ्या अभंगाच्या चरणात ६, ६, ६, ४ अशी २२ अक्षरे मोजतात. लघुगुरूचा हिशेब नाही. ‘तो’ आणि ‘त’ मोजणीत सारखेच. सोल्लु अभंगातून निघाला असे यावरून म्हणता येणार नाही. दोन्हीकडे मोजण्याची रीत एक आहे, इतकेच. अध्यापनाला मात्र तेवढेही पुरेसे आहे. कीर्तनात वाढलेल्या विद्यार्थ्याला अक्षर मोजणे नव्याने शिकवावे लागत नाही.

ही उपमा एका जागी तुटते. अभंगाची अक्षरसंख्या गतीवर अवलंबून नसते; सोल्लूचा आरंभ असतो. पाठात केवळ रागाचे व तालाचे नाव असेल आणि गती दिलेली नसेल, तर तीच पंधरा अक्षरे दोन ठिकाणी बसतात. चतुरश्र गतीत त्यांचा आरंभ पहिल्या द्रुताच्या टाळीनंतर एक मात्रा सरली की होतो. तिस्र गतीत आवर्तन २४ मात्रांचे. तेथे नऊ मात्रा, म्हणजे तीन अक्षरकाल सरतात आणि बोल लघूच्या चौथ्या अक्षरकाली, हाताच्या मधल्या बोटावर उठतो.