भुयार, चोरदरवाजा आणि झुंजार : मराठी मालिका-कादंबरीची गोष्ट

पत्रकात आजचा विषय वाचून काहींना थोडं हसू आलं असेल. याआधी या व्यासपीठावर पेशवाईतली कर्जव्यवस्था झाली, सत्यशोधक चळवळ झाली, आणि आज एकदम बाबूराव अर्नाळकर! पण माझं म्हणणं असं आहे की मराठी माणूस वाचायला कसा शिकला याचा इतिहास लिहायचा, तर शाळाखात्याच्या अहवालांच्या शेजारी काळा पहाडलाही बसायला जागा द्यावी लागेल. आपल्या वाङ्मयेतिहासांत या पुस्तकांच्या वाट्याला फार तर अर्धं पान येतं, आणि त्या अर्ध्या पानातही 'रंजनप्रधान' हा शब्द असा वापरलेला असतो, की जणू तो एखादा आजारच आहे.

मालिका-कादंबरी म्हणजे काय, ते आधी ठरवून घेऊ. एकच नायक, एकच जग, आणि पुस्तकामागून पुस्तक. नायक मरत नाही, फारसा म्हाताराही होत नाही. वाचक पहिलं पुस्तक कुतूहलाने घेतो आणि दुसरं ओळखीने घेतो. ही जी ओळख आहे ना, ती मला महत्त्वाची वाटते. वाङ्मयाच्या परीक्षकांनी नेमकी तिचीच किंमत केली नाही.

सुरुवात मागे जाऊन करू. 1857 मध्ये बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. विधवांच्या दुःखाबद्दलचं, गंभीर पुस्तक. 1861 मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. म्हणजे अवघ्या चार वर्षांत मराठी कादंबरीचे दोन रस्ते फुटले. पहिला समाज दाखवणारा, दुसरा अद्भुताचा. पुढची काही दशकं गर्दी होती ती दुसऱ्या रस्त्यावर. राजपुत्र, हरवलेल्या राजकन्या, कपटी प्रधान, ओळखीच्या खुणा. पुढे हरिभाऊ आपट्यांनी पहिला रस्ता पक्का बांधला हे खरं, आणि त्यांचा मोठेपणा मला मान्यच आहे. पण हरिभाऊ आले आणि अद्भुत संपलं असं आपण शिकवतो, ते चूक आहे. अद्भुत संपलं नाही, त्याने फक्त पत्ता बदलला. राजवाड्यांसारख्या करड्या इतिहासकारालाही 1902 मध्ये 'कादंबरी'वर निबंध लिहिताना अद्भुत कादंबरीचा विचार करावाच लागला.

आता या गोष्टीत एक इंग्रज येतो, आणि तो शेक्सपिअर नाही, डिकन्सही नाही. जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स, जन्म 1814, मृत्यू 1879. लंडनमध्ये 1844 पासून त्याची 'मिस्टरीज ऑफ लंडन' दर आठवड्याला एक पेनीला एक अंक अशी निघू लागली. गिरणीतला कामगारही विकत घेऊ शकेल अशी किंमत. हा माणूस स्वतः चार्टिस्ट, म्हणजे सामान्य कामगाराला मताचा हक्क मागणाऱ्या चळवळीतला. त्याच्या कथांतले उमराव बहुधा बदमाश असतात, ते उगीच नाही. इंग्लंडातल्या सभ्य वाचकांनी त्याला नाकं मुरडली आणि पुढे विसरूनही गेले. हिंदुस्थानात मात्र तो धो धो वाचला गेला. शाळा-कॉलेजात नेमलेलं इंग्रजी वाङ्मय वेगळं, आणि पोरं उशाखाली ठेवून वाचत होती ते इंग्रजी वाङ्मय वेगळं. मराठी मालिका-कादंबरीचे एक आजोबा या दुसऱ्या वाङ्मयातले आहेत.

गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सला धोतर नेसवलं. 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष', 'अधःपात' ही नावं तुमच्यापैकी काहींच्या आजोबांच्या कपाटात असतील. दातारशास्त्र्यांना नुसतं 'रूपांतरकार' म्हणून बाजूला ठेवतात, ते मला पटत नाही. लंडनचं तळघर इथल्या दरबारात आणून बसवायचं, पात्रांना इथली जात, इथलं देवघर, इथला मानापमान द्यायचा आणि वाचकाला सांधा दिसू द्यायचा नाही, हे सोपं काम नाही. करून बघा!

मग नाथमाधव. द्वारकानाथ माधव पितळे, 1882 ते 1928. शिकारीला सिंहगडावर गेले असता कड्यावरून कोसळले आणि पुढचं आयुष्य अपंगावस्थेत गेलं. लेखन सुरू झालं ते त्यानंतर. जागेवरून हलता न येणाऱ्या माणसाने 1913 मध्ये 'वीरधवल' लिहिली, जी मराठीतली सगळ्यात धावपळीची कादंबरी म्हणावी लागेल. त्यांनीच पुढे शिवकालावर कादंबऱ्यांची मालिका रचली : 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार' अशी ती पुढे जाते. वाचक म्हणून स्पष्ट सांगतो, स्वराज्यमालेत मला ठिकठिकाणी थकायला होतं. लेखक मध्येच थांबून उपदेश करतात. 'वीरधवल'मध्ये तेवढा वेळच नाही त्यांना.

इथे थोडं हिंदीकडे बघू. 1888 मध्ये देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' आली. खत्रींकडे बनारसजवळच्या चकिया-नौगढ भागातल्या जंगलांचे ठेके होते. तिथली पडकी बांधकामं त्यांनी हिंडून पाहिलेली. त्यातून तिलिस्म आला, म्हणजे यंत्रांनी आणि जादूने बंद केलेला चक्रव्यूह, आणि वेषांतर करणारे, बेशुद्धीची औषधं बाळगणारे ऐयार आले. 'चंद्रकांता संतति'चे पुढे चोवीस भाग झाले. 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं तिकडे अभिमानाने सांगतात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ती पाहिली असेल, क्रूरसिंहाच्या भुवयांसकट.

मग प्रश्न असा, की मराठीत एवढ्या लांबीचा तिलिस्म का झाला नाही? मला सुचलेलं उत्तर सांगतो, पटलं नाही तर नंतर भांडू. आपल्याकडे किल्ले होते. भुयार, चोरदरवाजा, गुप्त खलिता, वेष बदलून शत्रूच्या गोटात शिरणारा हेर, हे सगळं खत्रींना कल्पनेने रचावं लागलं, तर मराठी लेखकाला ते बखरीत आणि गडावर आयतं मिळालं. चोरदरवाजा तर आजही ट्रेकला गेलात की दाखवतात. त्यामुळे मराठीतली अद्भुताची भूक ऐतिहासिक कादंबरीने भागवली. त्याचा फायदा झाला तसा तोटाही झाला. अद्भुताला इतिहासाचं नाव मिळालं की वाचक ते खरं मानू लागतो. ऐयार होऊन गेला का, यावरून कोणी भांडत नाही. कादंबरीतल्या प्रसंगावरून मात्र आपल्याकडे भांडणं होतात, आणि कागद दाखवणाऱ्या अभ्यासकालाच लोक विचारतात, 'अहो, पण आम्ही वाचलंय ना!' इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे रोजचं आहे.

आता अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. पहिली रहस्यकथा 'चौकटची राणी'. गिनीज बुकात नोंद झाली ती 1936 ते 1984 या काळातल्या 1,092 रहस्यकथांची. भागाकार करून बघा, अठ्ठेचाळीस वर्षं दरमहा जवळजवळ दोन पुस्तकं. हा आकडा ऐकून लोक एक तर टाळ्या वाजवतात, नाहीतर 'म्हणजे दर्जा काय असणार' म्हणतात. मला दोन्हीत रस नाही. महिन्याला दोन पुस्तकं खपण्यासाठी महिन्याला दोन पुस्तकं वाचणारा माणूस हवा. तो कुठून आला? तो चार-सहा इयत्ता शिकलेला, गिरणीत, गोदीत, पेढीवर, दुकानात काम करणारा होता. तो दुपारी पुस्तक पुढ्यात घेऊन बसणारी बाई होता. पुस्तक विकत घेणं त्याला परवडत नव्हतं. रोजच्या भाड्याने पुस्तक देणारी कोपऱ्यावरची छोटी लायब्ररी परवडत होती. आणि रोजचं भाडं असलं की पुस्तक एका बैठकीत संपलं पाहिजे. अर्नाळकरांचं वाक्य आखूड का, प्रकरण तीन-चार पानांत का संपतं, याचं निम्मं उत्तर या भाड्यात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर मुंबईत आहे. दातारशास्त्री आणि नाथमाधव यांची भुयारं दूरच्या राज्यांत होती. अर्नाळकरांनी ती आणली शहरात. चोरदरवाजा आता बंगल्याच्या पुस्तकांच्या कपाटामागे आहे, घोड्याच्या जागी मोटार आहे, कपटी प्रधानाच्या जागी शेठ आहे. वाचक ज्या रस्त्याने कामावर जातो त्याच रस्त्यावर रात्री झुंजार येऊन गेलेला असतो.

आणि झुंजार कोण? धनंजय आणि छोटू ही गुप्तहेरांची जोडी, ती शेरलॉक होम्सच्या घराण्यातली. तिथे फारसं बोलण्यासारखं नाही. पण झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या पलीकडे उभे राहून न्याय करणारे. पोलीस त्यांच्या मागावर असतात आणि वाचक त्यांच्या बाजूला. काळ आठवा. परक्या सरकारचे पोलीस, मग महायुद्ध, रेशनची रांग, साठेबाजी, काळा बाजार. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक होतं की धान्य कोणाच्या गोदामात आहे, आणि त्या गोदामात पोलीस जाणार नाही हेही ठाऊक होतं. झुंजार जात होता. त्या काळच्या वर्तमानपत्रांतून जे कळत नाही, म्हणजे सामान्य माणसाला न्याय कोणाकडून मिळेल असं वाटत होतं, ते या पुस्तकांतून कळतं. इतिहासाचं साधन म्हणून मी ती वाचतो ती यासाठी.

दोषही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भक्त आलाय. योगायोग फार. शेवटच्या प्रकरणात खलनायक स्वतःच सगळं सांगून टाकतो. स्त्रिया एक तर सोडवायच्या असतात, नाहीतर संशय घ्यायचा असतो. आणि ओळीने दहा पुस्तकं वाचली की अकराव्याचा शेवट तिसऱ्या प्रकरणात कळतो. पण भाड्याने रोज एक आणणाऱ्याला बहुधा तेच हवं होतं.

पुढच्या पिढीत न्याय करणारा बदलला. गुरुनाथ नाईकांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांचा कॅप्टन दीप लष्करातला आहे. 1962, 1965, 1971 अशी तीन युद्धं पाहिलेल्या वाचकाचा शत्रू आता गल्लीतला शेठ राहिला नाही, तो सीमेपलीकडे गेला, आणि नायकाच्या अंगावर सरकारी गणवेष आला. सुहास शिरवळकरांनी (1948–2003) चार वेगवेगळे नायक चालवले : दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि अमर विश्वास. यातला अमर विश्वास मला सर्वांत आवडतो, कारण तो वकील आहे आणि त्याला निदान पुरावा लागतो! शिरवळकरांचं आज नाव निघतं ते 'दुनियादारी'मुळे, 2013 च्या चित्रपटानंतर तर जास्तच. पण त्या कादंबरीतले चटपटीत, खरे वाटणारे संवाद त्यांनी या रहस्यकथांत हात बसवून कमावले, असं माझं मत आहे.

मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे दिला. त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान हवं, म्हणून आज पुढे जातो.

नारायण धारप (1925–2008) यांच्याविषयी मात्र थोडं वादाचं बोलायचंय. त्यांचे समर्थ ही मराठी भयकथेतली सर्वांत लाडकी मालिका-व्यक्ती. संकटात सापडलेला साधा माणूस, न कळणारी अमंगळ शक्ती, आणि मग शांतपणे येणारे समर्थ. नावातच आपल्या परंपरेचा आधार आहे. पण भयकथेला मालिका मानवत नाही. समर्थ येणार हे ठाऊक असलं की भीती निम्मी होते. रहस्यकथेत नायकाची ओळख वाचकाला बळ देते, तीच भयकथेत आड येते. म्हणून समर्थ नसलेले धारप मला जास्त घाबरवतात. 'लुचाई' आणि 'शपथ' यांच्यामागे स्टीफन किंगच्या कादंबऱ्या आहेत हे खरं, पण अंधार पडल्यावर गावातली घरं कशी मिटतात हे धारपांचं स्वतःचं आहे. 2018 च्या 'तुंबाड'ने धारपांचं ऋण मानलं, तेव्हा अनेक तरुणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा मला टोचतो. 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारला द्यावी लागत असे. शंकर गणेश दात्यांनी जन्मभर खपून 1800 ते 1937 आणि मग 1938 ते 1950 ची मराठी ग्रंथसूची केली. म्हणजे पुस्तकांची नावं आपल्याकडे आहेत. नाव असणं वेगळं आणि पुस्तक असणं वेगळं. भाड्याची पुस्तकं शेकडो हातांतून जाऊन फाटली. कागद हलका होता, तो पिवळा पडून तुकडे झाला. मोठ्या ग्रंथालयांनी ती मानाने जपली नाहीत. निवडक अर्नाळकर पुन्हा छापले गेले, ते वाचाच. पण नव्या आवृत्तीत जुनं मुखपृष्ठ, किंमत, मागच्या पानावरच्या जाहिराती नसतात. पुस्तक कोण वाचत होतं हे मला त्या जाहिरातींवरून कळतं, ते कथेतून तेवढं कळत नाही.

तेव्हा एक विनंती. तुमच्या माळ्यावर अशी पुस्तकं असतील तर रद्दीत देण्याआधी प्रत्येकाचे चार फोटो काढा : मुखपृष्ठ, प्रकाशकाचं पान, मागची जाहिरात आणि लायब्ररीचा शिक्का. शिक्क्यावर गल्लीचं नाव असेल तर ते वाचता येईल असा, जवळून. फोटो या व्याख्यानमालेच्या संयोजकांकडे पाठवा. मी यादी करतो आहे, आणि गिरगाव, परळ, सोलापूर, बेळगाव या ठिकाणचे शिक्के मला आधी हवे आहेत.