नेम

बसस्थानकापर्यंत पोचले आणि मनात आलं, घराला कुलूप लावलं का? ऑटो तसाच परत वळवला. कुलूप नीट लागलेलं होतं, किल्ली पर्सच्या नेहमीच्या कप्प्यात होती. हातांनी सगळं बिनचूक केलं होतं आणि त्यातलं मला काहीएक ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "होते न बाई, हात आपोआप चालते."

आपोआप. त्या दिवशी वर्ध्याहून हिंगणघाटला जाईपर्यंत हा शब्द मनातून हलला नाही. संस्कृतातला 'आत्मन्' प्राकृतात 'अप्प' झाला, आणि त्याच वाटेने मराठीत 'आप' आला. आपण, आपला, आपुलकी ही सगळी त्याचीच लेकरं. म्हणजे 'आपोआप'मध्ये आत्मा एकदा नाही, दोनदा बसलेला आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटली होती. बोंड आपोआप फुटतं असं आपण म्हणतो तेव्हा शब्द अगदी जागेवर असतो, कारण ते फुटणं बोंडाचं स्वतःचंच असतं. माझं कुलूप लावणं मात्र माझं नव्हतं. ज्या कामात आपण नसतोच, त्याला आपण 'आपोआप' म्हणायला लागलो, हे या शब्दाचं मोठंच नुकसान आहे.

याच्या उलट टोकाला कोणता शब्द ठेवावा? अलीकडे 'सजगता' खूप ऐकू येतो. पाली ग्रंथांतला शब्द 'सति' आहे, म्हणजे संस्कृत 'स्मृती'. 1956च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहारांमुळे 'सतिपट्ठान' हा शब्द इकडच्या कानांना परका राहिलेला नाही. समोर जे चाललं आहे त्याचं स्मरण असणं, हा अर्थ मला फार नेमका वाटतो. पण माझ्या घरात यासाठी वेगळाच शब्द होता, आणि तो आजीच्या तोंडी होता.

आजी चातुर्मासात लाख वातींचा नेम धरायची. घरच्या कापसाची सरकी हाताने काढायची, कापूस मोकळा करायचा आणि दुपारभर वाती वळायच्या. चार महिन्यांत लाख म्हणजे दिवसाला आठशेच्या वर. शंभर झाल्या की तुरीचा एक दाणा वाटीत. मी मदतीला बसले की माझ्या वाती कुठे जाड, कुठे बारीक. ती माझी वात चिमटीत धरून पाहायची आणि विचारायची, "लक्ष कोठी हाये तुह्यं?"

तिच्या त्या एका वाक्यात केवढं भांडार होतं ते कळायला मला शब्दकोश उघडावे लागले. संस्कृतात 'लक्ष' म्हणजे खूण, निशाण, आणि 'लक्ष' म्हणजे शंभर हजारही. प्राकृतातल्या 'लक्ख'मधून आपला 'लाख' आला. आजी लाख मोजत होती आणि माझ्याकडे लक्ष मागत होती. शब्द एकच होता.

'नेम'चंही तसंच. संस्कृत 'नियम' झिजून 'नेम' झाला. आजीचा नेम म्हणजे व्रत, रोज न चुकता करायची गोष्ट. आणि आम्ही पोरं चिंचेवर दगड मारायचो तेव्हा धरायचो तोही नेमच. एक नेम पाळायचा, दुसरा साधायचा. रोज तेच ते करणं आणि डोळा एका जागी रोखणं, या दोन गोष्टींना मराठीने एकच नाव दिलं. हे मला मराठीतलं फार मोठं शहाणपण वाटतं. नेम पाळताना नेम धरलेला नसेल, तर तो अर्धाच नेम झाला.

आणखी खोल गेलं तर थोडं हादरायलाच होतं. 'नियम'मधला धातू 'यम्', म्हणजे आवरणे, धरून ठेवणे. संयम त्याचाच. आणि 'यंत्र'ही त्याचाच! धरून ठेवण्याचं साधन ते यंत्र. 'यंत्रासारखं जगणं' आणि 'नेमाने जगणं' हे शब्द एकाच आईच्या पोटचे आहेत. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. तीच वेळ, तीच हालचाल, तेच काम. फरक दिसतो तो वात चिमटीत धरल्यावर.

या फरकाला नाव देण्याचा सर्वांत धीट प्रयत्न वर्ध्याच्याच माणसाने केला आहे. विनोबा 1921मध्ये वर्ध्याला आले. 1932मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म, विकर्म, अकर्म असे तीन शब्द येतात. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म, असा अर्थ जुने भाष्यकार करत आले. विनोबांनी तो बाजूला ठेवला आणि 'वि' म्हणजे 'विशेष' असं घेतलं. हातांनी चाललेलं ते कर्म, त्याच वेळी मनाने त्यात ओतलेलं ते विकर्म. दोन्ही जुळली की कामाचा भार उरत नाही, ते अकर्म होतं.

व्याकरणाच्या अंगाने यावर वाद घालता येईल. 'वि' हा उपसर्ग दोन्हीकडे झुकतो: विस्मरण, वियोग यांत तो तोडतो, विख्यात, विशुद्ध यांत वाढवतो. पण विनोबांचा अर्थ मला पटतो, आणि तो पटण्याचं कारण कोशाबाहेरचं आहे. तो सूत कातणाऱ्या माणसाने लावलेला अर्थ आहे. वर्ध्याजवळ नालवाडीत राहत असताना कताईच्या मजुरीवरच गुजराण करून पाहण्याचा प्रयोग त्यांनी केला होता. दिवसचे दिवस तीच तकली, तेच पेळू. हात बसला की तकली फिरतच राहते. मन कुठे आहे ते सुतालाच कळतं.

एक आठवण ओघात सांगते. गांधीजी 1936मध्ये राहायला आले तेव्हा सेवाग्रामचं नाव सेगाव होतं. टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायचं, म्हणून 1940मध्ये नाव बदललं. एका अक्षराचा फरक, आणि सवयीची नजर त्यावरून सरकून जायची. 'सेवाग्राम' या नावात आपल्याला सेवेचा आदर्श दिसतो तो योग्यच आहे, पण नजर थांबावी ही साधी गरजही त्या नावाच्या मुळाशी होती.

पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या त्या 12 फेब्रुवारी 1948ला. त्या तिथीला प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी द्यावी, असं विनोबांनी सुचवलं. तीच सूतांजली. एक गुंडी म्हणजे 640 तार, एक तार चार फुटांची. आजी गेली त्या वर्षीपासून मीही पहाटे चहाआधी थोडं कातते. सूत तुटलं की दोन्ही टोकं थोडी उकलायची, एकमेकांवर ठेवायची, पीळ द्यायचा. सांधा बसतो, पण बोटाला लागतो.

यंदाची गुंडी उतरवताना तिच्यावरून सावकाश बोट फिरवत गेले. एक सांधा खाली फाटक वाजलं तेव्हाचा. एक लेकीचा फोन यायचा होता त्या सकाळचा. मध्ये बराच वेळ काहीच लागलं नाही. मग एके ठिकाणी शेजारीशेजारी तीन. ती कुलपाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट असावी.