न दुखणारा चट्टा

विडा ही आपल्याकडे केवळ खाण्याची वस्तू नव्हे. पानसुपारीवाचून आमंत्रण नाही, सुपारीवाचून पूजा नाही आणि अवघड काम अंगावर घेणाऱ्याने ‘विडा उचलला’ असेच आपण म्हणतो. अशा मानाच्या वस्तूवर रोगाचा आळ घ्यावयाचा म्हणजे समाजाच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीची झडती घेणे होय. ती झडती कशी झाली, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे.

मुखरोगांचा विचार आपल्या वैद्यकात जुना आहे. सुश्रुतसंहितेत पासष्ट मुखरोग मोजले आहेत. परंतु त्या काळी या देशाला तंबाखू ठाऊक नव्हती. ती पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आली. अकबराच्या अखेरच्या काळात असद बेगने ती दरबारात नेली, तीही आपल्या दख्खनमधूनच, विजापुराहून. पुढे ती विड्यात शिरली, चुन्याबरोबर तळहातावर मळली जाऊ लागली, आणि भाजून, कुटून मशेरी होऊन आयाबायांच्या दातांवरही चढली. ज्या वस्तूने तोंड बिघडावयाचे तिनेच दात घासण्याची ही रीत आजही पुरती गेलेली नाही.

१९३३ साली त्रावणकोरात काम करणाऱ्या ऑर नावाच्या शल्यवैद्याने विडा खाणाऱ्यांच्या मुखकर्करोगाविषयी लिहिले. विड्याची गोळी गालात जेथे तासन् तास दाबून ठेवावी, तेथेच बहुधा रोग उठतो, ही गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागली होती. १९४१ च्या फेब्रुवारीत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील विकृतिशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मूळचे गोव्याचे. त्यांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा पाहून ते थांबले नाहीत. रोगी काय खातो, काय चघळतो, त्याच्या समाजाची रीत काय, हेही त्यांनी विचारले. रोगाचे मूळ शरीरात शोधता शोधता ते पानदानापाशी येऊन पोचले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील एका विकाराचे वर्णन केले. आतली त्वचा ताठ होते, तिखट सोसत नाही, आणि हळूहळू तोंडच उघडेनासे होते. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी हाच विकार नोंदविला. त्याची बोटे पुढे सुपारीकडे वळली. १९८५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचा विडा कर्करोगकारक ठरविला. २००४ साली तिने नुसती सुपारीही त्याच यादीत घातली. ‘आम्ही तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ हा अनेकांचा दिलासा तेव्हा संपला.

परंतु आमच्या मते या इतिहासातले खरे पर्व दंतवैद्यांचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांनी मुंबईच्या पोलिसांची तोंडे तपासली आणि दहा वर्षांनी तीच पुन्हा पाहिली. कोपनहेगनचे पिंडबोर्ग यांच्या साहाय्याने १९६६ पासून निरनिराळ्या प्रांतांतील ५०,९१५ ग्रामस्थांची, आणि पुढे महाराष्ट्रात १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी झाली. वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर दिसले ते असे, की कर्करोग बहुधा अचानक येत नाही. आधी पांढरा किंवा तांबडा चट्टा येतो, अथवा त्वचा ताठरते. म्हणजे हा रोग वर्दी देऊन येतो. मात्र ती वर्दी दुखत नाही.

सारा घोटाळा येथेच आहे. दाढ ठणकल्याशिवाय दंतवैद्याची पायरी चढावयाची नाही, हा आपला शिरस्ता. दाढेला तो कसाबसा चालतो, चट्ट्याला चालत नाही. दुखू लागेपर्यंत थांबलेल्याला पुष्कळदा जबड्याचा भाग गमवावा लागतो, कधी प्राणही. वेळीच सापडलेली लहान गाठ मात्र काढता येते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो.

तपासणीने जीव वाचतात का? याचे उत्तर तिरुवनंतपुरम जिल्ह्याने दिले. तेथे १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन उजेडात लोकांची तोंडे पाहिली. ते डॉक्टर नव्हते. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तंबाखू किंवा मद्याचे सेवन करणाऱ्यांत, तपासणी झालेल्या गटातील मुखकर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते. हे घडले ते कोणत्याही मोठ्या यंत्रावाचून, केवळ पाहण्याने.

महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, हे योग्यच झाले. पण कायदा पुडी अडवू शकतो, गालाच्या आत डोकावू शकत नाही. ते काम आपले. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा तांबडा चट्टा, तोंडात लागलेली गाठ, तिखटाने होणारी आग, पूर्वीइतके न उघडणारे तोंड, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याकडे जावे. ज्याला तंबाखू, सुपारी वा मद्याची सवय आहे त्याने काही न दिसताही ठरावीक काळाने जावे, आणि ‘दाताबरोबर जीभ, जिभेखालची जागा आणि गालही पाहा’ असे स्पष्ट सांगावे. शंका आली तर डॉक्टर लहानसा तुकडा काढून तपासतील. त्याला भिण्याचे कारण नाही.

पोटातला रोग लपतो, फुप्फुसातला लपतो. तोंडातला रोग आरशासमोर उभा असतो. खानोलकरांनी आणि मेहतांनी इतकी वर्षे खपून जे दाखविले, ते पाहण्यास आपल्याला एक आरसा, थोडा उजेड आणि मिनिटभर वेळ पुरतो. विडा उचलावयाचाच असेल, तर आपण तो या कामाचा उचलावा.